स्टॅम्पपेपरवर संसार मोडत नाही



कौटुंबिक पानावर आपण मंगल परिणयाच्या बातम्या आवडीने वाचतो. हा लेख मोडलेल्या संसाराविषयी आहे. विषय कटू आहे, पण आपल्या वस्तीत तो रोज घडतो आणि त्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. म्हणून लिहिणे भाग पडले.

२०२१ च्या पावसाळ्यात अंबरनाथच्या एक भगिनी माझ्याकडे आल्या. नाव-गाव मुद्दाम देत नाही. पतीचे निधन झालेले, पदरी दोन मुले. पती एका नगरपालिकेत कायम नोकरीला होते. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन त्या कार्यालयात गेल्या, तेव्हा नोंदीत पहिल्या पत्नीचे नाव निघाले. कार्यालयाने पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाचा हुकूमनामा मागितला. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला स्टॅम्पपेपर काढला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, हा चालत नाही म्हणतात. तुम्ही काहीतरी करा."

मी कागद उघडला आणि अंगावर काटा आला. "आम्ही उभयता राजीखुशीने फारकत घेत आहोत, यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही." खाली दोघांच्या सह्या, पाच पंच, नोटरीचा शिक्का. तारीख २००६ ची. आणि अक्षर माझे होते!

त्या वेळी मी नुकताच बी. कॉम. झालो होतो. अक्षर चांगले, अर्ज-विनंत्या लिहिता येत, म्हणून वस्तीतली माणसे मला बोलवत. विहाराच्या ओट्यावर बैठक बसली होती. कोर्टाचे हेलपाटे नकोत, वकिलाला पैसे कशाला, आपल्यातच मिटवू, असे ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे पडले. मी कागद लिहिला आणि सर्वांनी माझी पाठ थोपटली. आपण समाजकार्य केले असे मला वाटले. पंधरा वर्षांनी त्या समाजकार्याचे फळ एका विधवेच्या रूपाने माझ्या दारात उभे राहिले.

वकीलताईंनी काय सांगितले

मी त्या भगिनीला घेऊन कल्याणला एका वकीलताईंकडे गेलो. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा अशीच प्रकरणे त्या चालवतात. त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे समजावले.

कायद्याच्या दृष्टीने २००६ साली घटस्फोट झालाच नाही. म्हणजे पहिली पत्नी शेवटपर्यंत कायदेशीर पत्नी राहिली. म्हणजे दुसरे लग्न रद्दबातल. पहिल्या पत्नीनेही त्या कागदाच्या भरवशावर गावाकडे दुसरा संसार थाटला होता. तोही कायद्यात बसत नाही. एका कागदाने दोन संसार अधांतरी लटकले. पती-पत्नी हयात असताना दुसरे लग्न करणे हा गुन्हाही आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९४ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे.

एक आधार मात्र कायद्याने ठेवला आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अशा लग्नातली मुले औरसच मानली जातात आणि आईबापाच्या मालमत्तेत त्यांना हक्क मिळतो. त्या जोरावर वकीलताईंनी मुलांचा हक्क मिळवून दिला. त्याला दोन वर्षे गेली. त्या भगिनीला स्वतःला मात्र पत्नी म्हणून काही मिळाले नाही. चौदा वर्षे तिने त्या माणसाचे घर सांभाळले, शेवटच्या आजारात उशाशी बसली, पण सरकारी कागदात ती कोणीच नव्हती. आज ती लोकांच्या घरी स्वयंपाकाची कामे करते. समोर दिसली की मला मान खाली घालावी लागते.

काडीमोड ही जुनी रूढी

आपले ज्येष्ठ म्हणतील, पूर्वी काडीमोड होत होती, पाट लागत होता, तेव्हा कोणते कोर्ट होते? खरे आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागाही ठेवलेली आहे. पण ती रूढी प्राचीन आहे, अखंड चालत आली आहे, हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या एका निकालात हे स्पष्ट केले आहे. नुसते "आमच्यात असे चालते" म्हणून भागत नाही.

आता आपणच विचार करावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांच्या हातून धम्मदीक्षा घेऊन आपण जुन्या रूढी सोडल्या. लग्नातला भटजी गेला, हुंड्याविरुद्ध आपण बोललो. मग संसार मोडताना तेवढी काडीमोडीची जुनी रूढी कोणत्या तोंडाने धरून ठेवायची? आणि काडीमोड होई ती पंचांच्या मर्जीवर. पंच कोणाचे ऐकत? ज्याची भावकी मोठी त्याचे. बाईला विचारले जात होते थोडेच!

हिंदू कोड बिलावर बोलताना बाबासाहेबांनी संसदेत सांगितले होते की देशातल्या बहुसंख्य शूद्र समाजात घटस्फोट रूढीने आहेच, तेव्हा हे काही आकाशातून आणलेले नाही. तरीही त्यांनी कायद्याचा आग्रह धरला. एकपत्नीत्व, घटस्फोटाचा अधिकार आणि स्त्रीला मालमत्तेत वाटा, हे कायद्याच्या पुस्तकात यावे म्हणून ते झगडले. बिल अडवले गेले. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. पुढे १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला आणि १९५६ साली वारसा, पालकत्व, दत्तक व पोटगीचे कायदे आले. ज्या हक्कासाठी बापाने मंत्रिपद सोडले, तो हक्क आपण स्टॅम्पपेपरवर विकतो. यापेक्षा दुःखाची गोष्ट कोणती?

काही तरुण विचारतात, आपण बौद्ध, मग हिंदू विवाह कायदा आपल्याला कसा? त्यांची खंत रास्त आहे. या कायद्याच्या कलम २ मध्येच बौद्ध, जैन व शीख यांना तो लागू केलेला आहे. बौद्धांसाठी वेगळा विवाह कायदा हवा ही समाजाची जुनी मागणी आहे आणि ती लोकशाही मार्गाने मांडत राहावी. पण तो होईपर्यंत आपल्या लेकीबाळींचे रक्षण याच कायद्याने करावे लागेल.

आणखी एक. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयाने सर्व नोटरींना लेखी बजावले की लग्नाचे किंवा घटस्फोटाचे कागद करण्याचा अधिकार नोटरीला नाही. तेव्हा शंभराचा स्टॅम्प असो की आताचा पाचशेचा, त्याने लग्न मोडत नाही.

घटस्फोट धम्माविरुद्ध आहे काय?

बुद्धविहारात हा प्रश्न अनेकदा निघतो. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला पती-पत्नीची कर्तव्ये सांगितली. पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, अशी ती आहेत. पत्नीनेही घर नीट चालवावे, एकनिष्ठ राहावे, मिळवलेले जपावे. म्हणजे दोघांचीही जबाबदारी. सात जन्मांची गाठ आपण मानत नाही. जिथे सन्मान संपला, मारझोड सुरू झाली, तिथे बाईने मरेपर्यंत सोसावे असे धम्म सांगत नाही. मात्र रागाच्या भरात, सासू-सुनेच्या एका भांडणावरून कोर्टाची पायरी चढावी असेही कोणी म्हणत नाही. कायद्यानेही लग्नाला एक वर्ष होण्याआधी सहसा घटस्फोटाचा अर्ज घेतला जात नाही, आणि अर्ज आल्यावर आधी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आहे.

मुलगी कोणाची?

दुसरे प्रकरण बदलापूरचे. नवरा औद्योगिक वसाहतीत कामाला, बायको उल्हासनगरला शिलाईच्या कारखान्यात. मुलगी आठ वर्षांची. बाईच्या पगारावरून घरात कुरबुर, ती वाढत वाढत बोलणे बंद. मे महिन्याच्या सुट्टीत नवऱ्याने मुलीला जालना जिल्ह्यातल्या गावी आपल्या आईकडे नेऊन ठेवले आणि शाळेत तिथेच नाव घालायची तयारी केली. आई वेडीपिशी झाली. आम्हा कार्यकर्त्यांकडे येऊन म्हणाली, "दादा, एक जीप करा. जाऊन पोरीला उचलून आणू."

जीपही ठरली होती. पण २००६ चा चटका लक्षात होता. मी म्हणालो, आधी वकीलताईंना विचारू.

वकीलताईंनी जीप रद्द करायला लावली. "आज तुम्ही उचलून आणाल, उद्या तो उचलून नेईल. पोरगी काय गॅसची टाकी आहे?" असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी आईला प्रश्न विचारले. मुलीला शाळेत कोण सोडते? ताप आला तर रात्री कोण जागते? आई कामावर गेल्यावर मुलीकडे कोण पाहते? बाई गोंधळली. तिला नवऱ्याचे दुर्गुण सांगायचे होते. "तो दारू पितो असे लिहा," ती म्हणाली. वकीलताईंनी विचारले, पितो का? बाई गप्प. नवरा पीत नव्हता. वकीलताई म्हणाल्या, "एक खोटे लिहिले की दहा खरी पडतात. तो नवरा म्हणून वाईट असेल, बाप म्हणून वाईट आहे का ते सांग." बाई रडली आणि म्हणाली, "नाही. पोरीवर जीव आहे त्याचा."

ताब्याबाबत आपल्याकडे गैरसमज फार. कोणी म्हणते मूल बापाचेच, कोणी म्हणते आईचेच. १९५६ च्या पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे राहते, आणि कलम १३ सांगते की सर्वांत आधी मुलाचे हित. आईचा हट्ट नाही, बापाचा मान नाही, आजीची माया नाही. मुलाचे हित! १९९९ साली गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आईही नैसर्गिक पालक आहे हे ठळकपणे सांगितले. मूल कळत्या वयाचे असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे त्याची इच्छाही विचारात घेता येते.

मुलीचे नेहमीचे राहणे बदलापूरचे, म्हणून अर्ज इथेच करता आला. न्यायाधीशांनी मुलीला आपल्या दालनात बोलावून एकटीशी बोलणे केले. ती काय बोलली हे आम्हाला कळले नाही. कळू नये हेच बरोबर. त्या दिवशी बाप बाहेर बाकावर बसून होता. पोरगी दालनातून आली आणि आधी आईच्या कुशीत शिरली, मग बापाकडे जाऊन त्याच्या शर्टाच्या खिशातले पेन घेऊन खेळत बसली. ते पाहून दोघांचेही डोळे भरले. तडजोडीची सुरुवात तिथून झाली.

शेवटी परस्पर संमतीने घटस्फोट ठरला. ताबा आईकडे. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी मुलगी बापाकडे. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. मुलीचा खर्च बाप दरमहा बँकेत भरणार. आणि वकीलताईंनी एक अट आठवणीने लिहिली, जी दुसऱ्या कोणाला सुचली नसती. १४ एप्रिलला मुलगी बापाबरोबर जयंतीच्या मिरवणुकीला जाईल आणि बुद्ध पौर्णिमेला आईबरोबर विहारात. आपल्या मुलांचे सण कोणते, हे माहीत असणारा वकील हवा तो यासाठी.

वकिलाचे काम घर फोडण्याचे नाही

आपल्या लोकांत वकिलाविषयी भीती आहे. तारखांवर तारखा, पैसे उकळतात, प्रकरण लांबवतात. असेही वकील असतील, नाकारत नाही. रोजंदारीवरच्या माणसाची एक तारीख म्हणजे एक खाडा, हेही खरे. पण चांगला कौटुंबिक वकील काय करतो ते मी जवळून पाहिले. निम्मे काम ऐकण्याचे असते. बाई आपली सारी कर्मकहाणी सांगते, त्यातून कायद्याला लागणाऱ्या चार गोष्टी वेचायच्या. रागाने सांगितलेले बाजूला ठेवायचे. पुरावा मागायचा. समोरच्या वकिलाशी कोर्टात भांडायचे आणि बाहेर तडजोडीचे बोलायचे. वर दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. "हीच घरे फोडते" हे वकीलताईंनी किती वेळा ऐकले असेल! त्या म्हणतात, "घर आधीच फुटलेले असते. भिंत पोरांच्या अंगावर पडू नये म्हणून मी टेकू लावते."

पैशाची अडचण हे कारण आता पुरेसे नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातीची माणसे यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीत धरले गेले, त्यामुळे आपल्या पुरुष बांधवांनाही दाखला असल्यास हा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. स्त्रियांना घटस्फोट-पोटगीच्या दाव्यात कोर्ट फी माफ करणारी महाराष्ट्र शासनाची अधिसूचना १९९४ पासून आहे.

हे लक्षात ठेवा

पहिली गोष्ट, लग्नाचा पुरावा जपा. धम्मविधीचे फोटो, लग्नपत्रिका, भारतीय बौद्ध महासभेचे किंवा विहाराचे प्रमाणपत्र, आणि नगरपालिकेतली विवाह नोंदणी. विधी आणि नोंदणी दोन्ही हवे. नुसत्या नोंदणीने विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली बजावले आहे.

दुसरी, माहेरी आलेल्या मुलीला सासरच्या जिल्ह्यात खेटे घालायची गरज नाही. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते.

तिसरी, दोघे राजी असतील तर कलम १३-ब चा सरळ मार्ग आहे. एक वर्ष वेगळे राहिलेले असावे, दोघांनी मिळून अर्ज करावा, सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहून संमती सांगावी. वेगळे राहून दीड वर्ष झाले असेल आणि पोटगी, ताबा सगळे मिटले असेल, तर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकते, असा निकाल २०१७ चा आहे. निकाल लागला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरे लग्न करू नये.

चौथी, पोटगीसाठी घटस्फोटाची वाट पाहू नका. जुन्या कलम १२५ च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवून दिले की दोघांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथेवर लिहून द्यायची आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे, आईने रागाने "नको तुझा पैसा" म्हटले तरी तो जात नाही.

पाचवी, मारहाण होत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. संरक्षण, राहते घर, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, हे सगळे एका अर्जात मागता येते.

आणि सहावी गोष्ट आम्हा कार्यकर्त्यांना. विहाराच्या ओट्यावर समेट जरूर करा. भांडण मिटले, संसार जुळला तर त्यासारखे पुण्य नाही. पण संसार मोडण्याचा कागद आपल्या हाताने लिहू नका. तो अधिकार आपला नाही. त्यांच्याबरोबर कोर्टात जा, बाकावर बसा, डब्यातली भाकरी वाटून खा, मुलाला सांभाळा. तेवढे आपले काम.

परवाच्या जयंतीला आमच्या भागातली मिरवणूक स्टेशनकडे निघाली होती. बदलापूरची ती मुलगी, आता चांगली उंच झाली आहे, लेझीमच्या रांगेत होती. बाप पांढरा सदरा घालून तिच्या मागे मागे चालत होता. पुढे चौकात महिला मंडळाचा पाण्याचा स्टॉल होता, तिथे तिची आई ग्लास भरत होती. मुलगी धावत गेली, आईच्या हातचे पाणी प्याली, आणखी एक ग्लास भरून घेतला आणि बापाला नेऊन दिला. त्याने तो घेतला, स्टॉलकडे पाहून मान हलवली. आईनेही मान हलवली. बोलणे काही झाले नाही.

तेवढेही पुष्कळ आहे. त्यांचा कागद न्यायालयाने केलेला होता, माझ्या अक्षरातला नव्हता.

जयभीम! नमो बुद्धाय!